बलिदानाची चाचणी: इंजिनाला नेमके काय विचारायचे?

बुद्धिबळाच्या इंजिनाची, म्हणजे चाली शोधणाऱ्या संगणक-प्रोग्रामची, ताकद पाहायची म्हटले की बहुतेक जण एखादी गाजलेली बलिदानाची (फायद्यासाठी मोहरा मुद्दाम देण्याची) स्थिती पटावर मांडतात, इंजिन सुरू करतात आणि अपेक्षित खेळी पडद्यावर यायला किती वेळ लागला ते पाहतात. मीही हा उद्योग बरीच वर्षे आवडीने करत आलो आहे. मात्र त्या वेळेवरून इंजिनाविषयी फारसे काही कळत नाही, असे माझे मत होत गेले आहे. स्थिती कोणती निवडली, डावातल्या कोणत्या चालीवर प्रश्न विचारला आणि खेळी सापडल्यानंतर इंजिनाचा पुढचा हिशेब काय होता, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय चाचणीला अर्थ येत नाही.

माझी सर्वांत आवडती स्थिती स्पेनमधील लिनारेस येथील १९९८ च्या स्पर्धेतली आहे. वेसेलिन टोपालोव्ह पांढऱ्या बाजूने आणि अलेक्सी शिरोव्ह काळ्या बाजूने खेळत होते. पटावर फारच थोडे उरले होते (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्यांना १ ते ८ हे आकडे असतात). पांढऱ्याचा राजा जी१ वर, उंट सी३ वर आणि दोन प्यादी जी२ व एच४ वर. काळ्याचा राजा ई६ वर, उंट एफ५ वर आणि चार प्यादी ए४, डी५, एफ६ व जी६ वर. काळ्याकडे दोन प्यादी जास्त असली तरी दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवर चालणारे आहेत, आणि अशा डावांत दोन प्याद्यांची आघाडीसुद्धा अनेकदा बरोबरीत विरून जाते, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. पांढऱ्याचा राजा एफ२ वरून ई३ वर पोहोचला की वाट बंद होते. या स्थितीत शिरोव्ह यांनी ४७ वी चाल म्हणून उंट एच३ वर ठेवला, म्हणजे जी२ वरील प्यादे त्याला सरळ खाऊ शकेल अशा घरावर.

ही खेळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला छापण्यात चूक झाली असावी असे वाटते. पण काळ्याची अडचण नीट पाहिली तर तिचे कारण उलगडते. काळ्याच्या राजाला एफ५ वरून ई४ वर जायचे आहे आणि एफ५ वर त्याचाच उंट उभा आहे. उंट ई४ वर नेला तर तो राजाला हवे असलेले घर अडवतो. दुसरीकडे कुठे नेला तर त्या एका चालीत पांढरा राजा मध्यभागाकडे सरकतो. उंटाने वाट मोकळी करावी आणि त्याच वेळी पांढऱ्याची एक चाल खर्ची पाडावी, या दोन्ही अटी एच३ वर जाऊनच पूर्ण होतात, कारण तिथून तो जी२ च्या प्याद्यावर हल्ला करतो. पांढऱ्याने तो खाल्ला, काळा राजा एफ५ वर आला, पांढरा राजा एफ२ वर आला आणि काळा राजा ई४ वर पोहोचला. त्यानंतर पांढऱ्याने एफ६ चे प्यादे खाल्ले, काळ्याने डी४ खेळले, आणि काळा राजा डी३, सी४, बी३ असा चालत गेला. ५३ व्या चालीनंतर टोपालोव्ह यांनी डाव सोडला. पांढऱ्याने बलिदान नाकारून ४८ व्या चालीला राजा एफ२ वर आणि पुढे एफ३ वर आणला असता, तर काळ्याने जी२ चे प्यादे शह देत खाल्ले असते. पांढऱ्याने उंट परत मारला की काळा राजा ई४ वर पोहोचतोच, म्हणजे तोही मार्ग हरण्याचाच होता.

इंजिनांना या खेळीने पुष्कळ वर्षे छळले, आणि ते का, हे समजून घेणे मला सेकंद मोजण्यापेक्षा अधिक उद्बोधक वाटते. स्टॉकफिशसारखे इंजिन सगळ्या शक्यता सारख्या खोलवर, म्हणजे सारख्याच चाली पुढपर्यंत, पाहत नाही. ते आधी चालींचा क्रम लावते, क्रमात वरच्या चालींना पूर्ण खोली देते आणि मागे पडलेल्या चालींची खोली कमी करते. उंट एच३ ही खेळी काही मारत नाही, शह देत नाही, आणि देवाणघेवाणीच्या साध्या हिशेबात ती अख्खा उंट गमावते. साहजिकच तिचा नंबर यादीच्या तळाशी लागतो. ती तपासली गेली तरी उंट गेल्यानंतरची स्थिती इतकी वाईट दिसते की उथळ शोधात ती फांदी छाटून टाकणेच इंजिनाला रास्त वाटते. त्यातून पुढे राजाची एकामागून एक शांत पावले आहेत. शहांची मालिका असती तर इंजिनाने ती खोली वाढवून पुढपर्यंत पाहिली असती. राजा नुसता चालत जात असताना तसे काही घडत नाही, आणि फायदा दिसतो तो थेट प्यादे वजीर होण्याच्या बेतात आल्यावर.

म्हणून बलिदानाची अवघडता चालींच्या संख्येवर मोजू नये, असे मी म्हणतो. बारा चालींचे कॉम्बिनेशन (बलिदानातून सुरू होणारी चालींची साखळी) शहांनी भरलेले असेल तर ते इंजिनाला सोपे जाते. पाच चालींचे असले तरी त्यात तीन शांत खेळी असतील तर तेच अवघड होते. चाचणीची स्थिती निवडताना मी सर्वांत आधी हे पाहतो की बलिदानानंतर प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला किती जागा उरते.

याचे दुसरे उदाहरण १९९० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातल्या २० व्या डावाचे आहे, जो फ्रान्समधील ल्यों येथे खेळला गेला. गॅरी कास्पारोव्ह यांनी अनातोली कार्पोव्ह यांच्याविरुद्ध २६ व्या चालीला जी४ वरचा घोडा एच६ च्या प्याद्यावर टाकला. फ्रान्सचे पियेर नोलो यांनी संगणकांसाठी निवडलेल्या ११ कठीण स्थितींच्या संचात हीच स्थिती पहिली आहे. हल्ला चढवताना कास्पारोव्ह यांनी बी२ वरचा उंटही जाऊ दिला. मला या डावातली सर्वांत सुंदर खेळी मात्र ३१ वी वाटते, जिथे एवढ्या धुमश्चक्रीत पांढरा राजा जी१ वरून नुसता एच२ वर जातो. कारण अगदी व्यावहारिक आहे. काळ्याचा वजीर ई८ वर आणि पांढऱ्याचा हत्ती ई१ वर समोरासमोर आहेत, आणि मध्ये ई४ वर पांढरा घोडा आहे. घोडा हलला की काळा वजीर ई१ चा हत्ती शह देऊन मारू शकतो. राजा एच२ वर गेल्यावर त्या मारण्यातला शह निघून जातो आणि घोडा मोकळा होतो. इंजिनाने २६ वी खेळी निवडली तर त्याच्या पुढच्या मालिकेत राजा एच२ किंवा त्याच तोडीचा विचार आहे का, हे मी आवर्जून पाहतो. तो नसेल, तर इंजिनाने घोडा दुसऱ्याच एखाद्या कारणासाठी दिलेला असतो, आणि ते कारण कधी कधी पुढच्याच खोलीवर कोसळते.

आता ज्या स्थितीवर सर्वाधिक चाचण्या होताना दिसतात तिच्याविषयी, कारण माझ्या मते तिथे प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे १९९९ मध्ये कास्पारोव्ह यांनी टोपालोव्ह यांच्याविरुद्ध २४ व्या चालीला हत्तीने डी४ चे प्यादे मारले. खेळाच्या इतिहासात या डावाचे स्थान अढळ आहे आणि माझ्या मनातही ते तसेच आहे. पण टोपालोव्ह यांनी तो हत्ती खाण्याऐवजी राजा बी६ वर आणला असता तर काळा तग धरू शकला असता, हे पुढे विश्लेषणातून स्पष्ट झाले. म्हणजे काटेकोर हिशेबात हत्ती डी४ ही जिंकून देणारी खेळी नाही. ती न निवडणाऱ्या इंजिनाला आपण नापास करतो, तेव्हा बहुधा ते बरोबर असते आणि उत्तरपत्रिका चुकीची असते.

हीच अडचण पुढेही आहे. काळ्याने हत्ती खाल्ल्यावर २५ व्या चालीला दुसरा हत्ती ई७ वर शह देतो. तो काळ्या वजिराने खाल्ला तर पांढरा वजीर डी४ वर शह देतो, राजा बी८ वर जातो, आणि मग वजीर बी६, घोडा सी६ व वजीर ए७ अशी सरळ मात आहे. येथे प्रश्न विचारला तर उत्तर स्वच्छ आहे, पण शहांच्या मालिकेमुळे आजच्या इंजिनाला ते सोपे आहे. २८ व्या चालीला कास्पारोव्ह यांनी वजीर सी३ वर नेला, तर लुबोमीर कावालेक यांनी नंतर दाखवून दिले की हत्ती ए७ ही त्याहून जोरदार खेळी होती. डावात झालेल्या खेळीलाच बरोबर मानणारी चाचणी इथे पुन्हा फसते. मला विचाराल तर या डावातून चाचणीसाठी ३६ वी चाल घ्यावी. काळा राजा पार डी१ पर्यंत हाकलला गेला आहे, सगळ्यांचे लक्ष शहांकडे आहे, आणि पांढरा उंट एच३ वरून शांतपणे एफ१ वर जाऊन काळ्या वजिरापुढे उभा राहतो. वजिराने त्याला मारले तर पांढरा वजीर सी२ वर आणि मग हत्ती ई७ वर शह देतो.

चाचणीची मांडणीही शिस्तीने करावी लागते. एका स्थितीचा विचार करून झाला की हॅश टेबल (इंजिन तपासलेल्या स्थितींचे निष्कर्ष साठवते ती स्मृती) रिकामे केल्याशिवाय दुसरी चाचणी घेऊ नये. उंट एच३ च्या स्थितीत पुढच्या चाली खेळून पाहिल्या, इंजिनाला तिथे थोडा वेळ दिला आणि मग एकेक चाल मागे आलो, तर जी खेळी आधी त्याला सापडत नव्हती ती चटकन वर येते, कारण पुढचे निष्कर्ष त्याच्या स्मृतीत साठलेले असतात. विश्लेषण करताना ही युक्ती अतिशय उपयोगी आहे आणि मी ती नेहमी वापरतो, पण चाचणीत ती म्हणजे उत्तर आधी कानात सांगणे होय. तसेच एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोधाचे धागे) चालू असतील तर तीच स्थिती, तेच इंजिन आणि तेच यंत्र असूनही लागणारा वेळ दर वेळी बदलतो. एकदाच मोजलेली वेळ कुणी ठामपणे सांगितली तर मी ती विचारात घेत नाही. एकच थ्रेड ठेवून नोडची, म्हणजे तपासलेल्या स्थितींची, संख्या नोंदवणे अधिक विश्वासार्ह ठरते.

मात्र नोडची संख्याही एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांपुरतीच तुलनेला चालते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्फाझीरो या डीपमाइंडच्या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या इंजिनाच्या निबंधात ते सेकंदाला सुमारे ६०,००० स्थिती पाहत होते आणि स्टॉकफिश सुमारे ६ कोटी. लीला चेस झीरो त्याच वाटेने चालते. तिचे न्यूरल नेटवर्क प्रत्येक खेळीला आधी एक संभाव्यता देते आणि शोध त्या अंदाजाच्या कलाने वाढत जातो. उंट फुकट देणाऱ्या खेळीला नेटवर्कने अगदी क्षुल्लक संभाव्यता दिली, तर शोध तिच्याकडे क्वचितच वळतो. दोन्ही प्रकारची इंजिने एकच खेळी चुकवू शकतात, पण स्टॉकफिश ती छाटणीमुळे चुकवते आणि लीला तिकडे न वळल्यामुळे. मूल्यमापनाच्या आकड्यांचेही तसेच आहे. स्टॉकफिश १५.१ पासून अधिक एक या आकड्याचा अर्थ एका प्याद्याची आघाडी असा राहिलेला नसून जिंकण्याची शक्यता ५० टक्के असा आहे, त्यामुळे जुन्या आवृत्तीचा आकडा नव्याशेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

टेबलबेसचा (थोडे मोहरे उरलेल्या सर्व स्थितींची आधीच काढलेली अचूक उत्तरे) मुद्दा शिरोव्ह यांच्या स्थितीत विशेष महत्त्वाचा आहे. सुरुवातीला पटावर दोन्ही राजे धरून १० मोहरे आहेत. उंट गेला की ९ उरतात, एफ६ चे प्यादे गेले की ८, आणि आणखी एक मोहरा मारला गेला की ७ मोहऱ्यांच्या सिझिजी टेबलबेसची हद्द सुरू होते. २०१८ मध्ये पूर्ण झालेला तो संच इतका प्रचंड आहे की घरच्या संगणकावर सहसा नसतो, पण ६ मोहऱ्यांचा सुमारे १५० जीबीचा संच अनेकांकडे असतो. तो जोडलेला असताना इंजिनाने खेळी शोधली, तर त्यातला काही भाग शोधाचा नसून तयार उत्तराचा असतो. मी दोन्ही प्रकारे चाचणी घेतो आणि निकाल वेगवेगळे लिहितो.

शेवटची एक तपासणी मला अत्यावश्यक वाटते आणि ती फार कमी लोक करतात. मूळ स्थितीत एखादा मोहरा एका घराने सरकवून बलिदान फसेल अशी जुळी स्थिती तयार करावी. शिरोव्ह यांच्या डावात सगळा हिशेब एका चालीच्या फरकावर उभा आहे, त्यामुळे पांढरा राजा जरा वेगळ्या घरावर ठेवला तरी तो हिशेब बदलतो आणि बलिदान चालते की नाही हे नव्याने तपासावे लागते. अशी तपासून खात्री केलेली जुळी स्थिती दिल्यावर जे इंजिन तिथेही उंट एच३ वर टाकते, त्याने मूळ स्थितीतही योग्य कारणाने टाकला होता असे मला म्हणता येत नाही. मूळ स्थितीत देणारे आणि जुळ्या स्थितीत न देणारे इंजिन मात्र मी उत्तीर्ण मानतो, मग त्याला त्यासाठी रात्रभर का लागेना.