कोर्सच्या नावाला भुलू नका

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला, ताई मीडिया-कम्युनिकेशनच्या एमएच्या दुसऱ्या सेमला कुठले कोर्स घेऊ, आणि खाली स्क्रीनशॉट. सहा कोर्स आणि सहाच्या सहा नावांत 'डिजिटल'. डिजिटल संस्कृती, डिजिटल समाज, डिजिटल लोकशाही वगैरे. मला हसूच आलं कारण माझीही यादी अगदी अशीच होती, फक्त तेव्हा डिजिटलच्या जागी 'ग्लोबल' होतं.

तर मी काय केलं होतं ते आधी सांगते. पहिल्याच सेमला थिअरीचे तीन सेमिनार एकदम घेतले. नावं इतकी भारी की नुसती टाइमटेबलमध्ये बघूनच हुशार झाल्यासारखं वाटायचं. तिन्हींचं मिळून आठवड्याला साडेतीनशे पानं वाचन, आणि पाच-पाच हजार शब्दांचे तीन टर्म पेपर एकाच आठवड्यात. हे सगळं सिलॅबसच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं बरं का, मीच तो उघडला नव्हता, कॅटलॉगमधल्या चार ओळी वाचून फॉर्म भरून मोकळी झाले होते. वर गंमत म्हणजे दोन कोर्सचं वाचन निम्म्याहून जास्त सारखंच निघालं. एकाच्या नावात 'सत्ता', दुसऱ्याच्या नावात 'अस्मिता', आणि आत दोन्हीकडे तेच विचारवंत, फूको, हॅबरमास आणि स्टुअर्ट हॉल.

आणि या सगळ्यात मेथड्सचा कोर्स, म्हणजे संशोधन कसं करायचं ते शिकवणारा आणि ज्यात आकडे होते तो, ढकलला पुढे. गणित नको म्हणूनच तर मीडियाला आले होते ना.

हा विषय मुळातच खिचडी आहे हे मला फार उशिरा कळलं. कम्युनिकेशनचे अमेरिकन अभ्यासक विल्बर श्राम यांनी या क्षेत्राचे संस्थापक म्हणून जी चार नावं घेतली, त्यात लासवेल राज्यशास्त्राचे, लेविन आणि हॉवलंड मानसशास्त्राचे, आणि लाझार्सफेल्ड समाजशास्त्रात गाजले पण त्यांची डॉक्टरेट गणितातली. म्हणजे कम्युनिकेशन शिकून आलेला एकही नाही! दुसरी वाट बर्मिंगहॅमची, तिथलं कल्चरल स्टडीजचं (रोजच्या जगण्यातल्या संस्कृतीच्या अभ्यासाचं) केंद्र 1964 मध्ये सुरू झालं तेच इंग्रजी साहित्याच्या वळचणीला. त्यामुळे आजही 'माध्यमं आणि प्रेक्षक' असा कोर्स दिसला तर त्यात नक्की काय शिकवतील ते नावावरून कळतच नाही. उदाहरण बघा, 1968 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपल हिल या अमेरिकन गावातल्या 100 अनिश्चित मतदारांना विचारलं की तुम्हाला महत्त्वाचे मुद्दे कुठले वाटतात, आणि ते बातम्यांमधल्या मुद्द्यांशी ताडून पाहिलं. 1972 ला छापून आलेला अजेंडा-सेटिंगचा, म्हणजे लोकांना काय महत्त्वाचं वाटावं ते बातम्या ठरवतात या कल्पनेचा, पेपर तो हाच. आणि तिकडे बर्मिंगहॅमचे हॉल 1973 मध्ये म्हणतायत की पाठवणाऱ्याने भरलेला अर्थ प्रेक्षक तसाच्या तसा घेतो असं नाही, तो मान्य करेल, घासाघीस करेल किंवा चक्क उलटा लावेल. दोन्हीकडे प्रश्न माध्यमं आणि माणसांचाच, पण एका कोर्समध्ये सेमभर आकड्यांची टेबलं कराल आणि दुसऱ्यात लोकांसोबत बसून त्यांचं बोलणं ऐकाल. तुम्हाला यातलं कुठलं काम रोज करायला आवडेल, हे आधी ठरवायला हवं होतं. मी नव्हतं ठरवलं.

फळं डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रबंधाला मिळाली. विषय हवामानबदलाच्या बातम्या, आणि गाईड म्हणाल्या कन्टेंट अनॅलिसिस कर, म्हणजे बातम्या ठरलेल्या रकान्यांत नोंदवून मोज. मी म्हटलं बातम्याच तर वाचायच्यात, सोप्पंय. कोडबुक केलं, म्हणजे काय कसं नोंदवायचं याचे नियम, त्यात एक रकाना 'सूर': सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. एका मैत्रिणीला पटवलं दुसरी कोडर म्हणून आणि त्याच साठ बातम्या दोघींनी एकमेकींचं न बघता कोड केल्या, म्हणजे रकान्यांत नोंदवल्या. मग दोन कोडरांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा, क्रिपेनडॉर्फचा अल्फा, काढला (म्हणजे व्हिडिओ बघत बघत काढला, येत कुठे होता). दोघींचं पूर्ण जुळलं तर 1, नुसतं योगायोगाने जुळावं तितकंच जुळलं तर 0. साधारण 0.80 च्या वर असेल तर निर्धास्त, 0.667 पर्यंत जपून निष्कर्ष काढा, त्याखाली विसरा. आमचा आला 0.41.

रात्री दोघी शीटा शेजारी शेजारी लावून बसलो. एक बातमी होती, समितीने अहवाल सादर केला, निर्णय पुढच्या बैठकीत. मी लिहिलं तटस्थ, तिने नकारात्मक. का गं? तर म्हणे निर्णय पुढे ढकलला ना, वाईटच आहे की. आता 'सूर' म्हणजे बातमीदाराचा की घटनेचा, हे मी कोडबुकात लिहिलंच नव्हतं! सगळं परत. नव्या साठ बातम्या, नवं कोडबुक, आणि त्या बिचारीची अजून एक शनिवार-रविवारची सुट्टी. मेथड्सच्या कोर्समध्ये हे तिसऱ्या आठवड्यातच करून घेतात, असं नंतर वर्गातल्या एकाने अगदी सहज सांगितलं. तेव्हा त्याला मारावंसं वाटलं होतं.

म्हणून आता कोणी विचारलं की मी नाव बघतच नाही, आधी मागच्या वर्षीचा सिलॅबस मागा म्हणते. बहुतेक प्रोफेसर साध्या ईमेलवर पाठवतात. तो आला की सरळ असाइनमेंटवर जायचं. शेवटी एकच मोठा पेपर आहे की दर आठवड्याला छोटं काहीतरी, मुलाखती घ्यायच्यात का, डेटा कोणाचा, आकड्यांसाठीचं आर हे सॉफ्टवेअर वापरायचंय की मुलाखतींसारख्या मजकुरासाठीचं एनव्हिवो. दुसऱ्या डिपार्टमेंटचे कोर्सही बघा. सर्व्हे डिझाइन राज्यशास्त्रात आणि एथनोग्राफी (लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास) मानववंशशास्त्रात बऱ्याचदा जास्त घोटून शिकवतात, फक्त प्रीरिक्विझिट (आधी कुठले कोर्स झालेले लागतात ते) तपासा, आणि तुमच्या डिग्रीत ते क्रेडिट धरतात का हे ऑफिसकडून लेखी घ्या, तोंडी 'हो हो चालेल' वर जाऊ नका. आणि जिच्याकडे डिझर्टेशन करायचंय ती बाई त्या वर्षी सॅबॅटिकलवर तर नाही ना, हेही बघा. माझ्या एका मित्राने अशाच एका बाईसाठी दोन कोर्स घेतले आणि ती गेली वर्षभर सुट्टीवर.

पॉडकास्ट, व्हिडिओ वगैरे प्रॅक्टिकल कोर्सबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. मजा येते, एक घ्या. पण नुसतं सॉफ्टवेअर शिकायला मास्टर्सची क्रेडिट्स घालवणं मला पटत नाही, ते दोन वर्षांनी बदलतंच.

थिअरी घेऊच नका असं मात्र मी म्हणत नाहीये हां. त्या तीनपैकी एका सेमिनारने मला खरंच बदललं, आणि त्याचं नाव तिघांत सगळ्यात रटाळ होतं. तिथे दर आठवड्याला एकच लेख असायचा, पण असा वाचायला लावायचे की तिसऱ्या तळटीपेवरून भांडणं व्हायची.

तर त्या ज्युनिअरला मी उलट विचारलं, यातल्या दोन कोर्सचे सिलॅबस पाठव आधी, मग बोलू. तिने लिहिलं, 'सिलॅबस कुठे मिळतो ताई?' शुक्रवारी तिचं रजिस्ट्रेशन आहे.