बारा फुटी होडीची रोजनिशी

रविवार

ही अ‍ॅल्युमिनियमची होडी दुरुस्त करून मासेमारीसाठी सज्ज करायची आहे. सध्या ती अंगणात उलटी ठेवली आहे, काठाखाली जुन्या चादरींच्या घड्या. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, १८ इंच खोल. तळ सपाट, पत्रा १.६ मिमी, सगळे सांधे रिव्हेटचे. रिकामी साधारण ६० किलो भरते. दोघांना उचलता येते, टेम्पोत टाकून टेंभुर्णीपर्यंत नेता येते आणि उजनी धरणाच्या चिखलातून ओढत पाण्यात ढकलता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचा खरा गुण हाच. पुढे जे बसवू त्यानं हा गुण मरू नये, हे आधी पक्कं करावं आणि मगच हत्यार हातात घ्यावं.

बहुतेक जण डेक (उभं राहायचा वरचा फळा), खुर्ची, दिवे इथून सुरुवात करतात. मला वाटतं पहिला प्रश्न वेगळा आहे: जे बसवतोय त्याच्या खाली पाणी गेलं, तर ते बाहेर कुठून येईल? अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तोच पत्र्याला सांभाळतो. ओल्या गालिच्याखाली, चिखल साचलेल्या कोपऱ्यात, फोम आणि पत्र्याच्या फटीत हवा पोचत नाही. तिथे हा थर एकदा फुटला की नीट भरून येत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. रंगाखाली फुगवटा आणि तो खरवडल्यावर पांढरी भुकटी दिसली, की आत हेच चाललंय असं समजावं.

नळाला पाणी आलं तो दिवस

गळती शोधायला होडी सुलटी करून आत पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं. तळ ३.३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद धरला तर १० सेंमी पाण्याला ३३० लिटर लागतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा एवढं पाणी ओतायला जीव होत नाही. शिवाय ३३० किलोचा भार आणि खाली दोनच टेकू असतील तर तळ वाकतो. त्यापेक्षा होडीचं मागचं टोक खाली करून ७०-८० लिटर भरावं, तेवढा भाग तपासावा. मग होडी सपाट करून मधला भाग बघावा आणि पुढचं टोक खाली करून तेच पाणी पुढे घ्यावं. टेकू प्रत्येक आडव्या बरगडीखाली द्यावेत. काम झालं की पाणी झाडांना.

बाहेरून सांध्यांवर आधी शाळेतला खडू घासून ठेवायचा. थेंब पडायच्या कितीतरी आधी खडूवर ओली रेघ काळपट उमटते आणि नेमका कोणता रिव्हेट पाझरतोय ते दिसतं. थेंबाची वाट बघत बसलं तर फसगत होते. पाणी सांध्याच्या आतून सरकत जातं आणि हातभर लांब टपकतं.

मंगळवार

सैल रिव्हेट काढायची घाई नको, आधी तो पुन्हा घट्ट करून बघावा. एकानं बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर दीड-दोन किलोचा लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं आतून हलक्या हातोडीनं तीन-चार ठोके द्यायचे. जोर केला तर भोवतालचा पत्रा ताणला जाऊन लाटेसारखा होतो आणि शेजारचे दोन रिव्हेटही पाझरायला लागतात.

भोक मोठं झालं असेल तर मात्र बदलावाच लागतो. भरीव रिव्हेटची लांबी म्हणजे दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी, अधिक व्यासाच्या दीडपट. ४.८ मिमी रिव्हेट आणि ३.२ मिमी जाडी असेल तर साडेदहा मिमी. आतून ठोकायला जागा नसेल तिथे बंद तोंडाचे पॉप रिव्हेट वापरावेत. खिडक्यांच्या कामाचे साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात आणि त्यातून पाणी सरळ आत येतं. बंद तोंडाचे घेतानाही खिशात चुंबक ठेवावा. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम आणि आतली पिन लोखंडाची, असे पुष्कळ मिळतात. पिनचं डोकं आत अडकून राहतं आणि तिथूनच गंज धरतो.

प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंट हवाच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बिलकूल नको. ते पिकताना, म्हणजे कडक होताना, आम्ल सोडतं, पत्रा खातं, आणि त्यावर पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते वरून सुकल्यासारखं वाटलं तरी आत ओलंच राहतं. आठवडाभर त्याला हात लावू नये.

वेल्डिंगचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. फाटलेला पत्रा किंवा तडा असेल तर चांगल्या आर्गॉन वेल्डरकडे जावंच. पण पाझरणाऱ्या रिव्हेटवर वेल्डिंग करू नये. पातळ पत्रा तापून आक्रसतो, सांध्यातलं जुनं सीलंट जळतं आणि एक गळती बुजवताना चार नव्या होतात.

बुधवार

मागची भिंत, जिच्यावर मोटार लटकते. पत्र्याच्या आत लाकूड असतं आणि जुन्या होडीत तेच कुजलेलं निघतं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जावं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर उघडावंच लागेल. नवीन गाभ्यासाठी आयएस ७१० शिक्क्याचं १९ मिमी मरीन प्लाय, दोन थर इपॉक्सीनं (दोन भाग कालवून वापरायचा डिंक) चिकटवून ३८ मिमी. कडांना इपॉक्सीचे तीन हात, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनं.

बोल्टची भोकं हीच कुजण्याची सुरुवात, म्हणून ती एकदम मापाची पाडू नयेत. १० मिमी बोल्ट असेल तर आधी १६ मिमीचं भोक पाडावं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरावं आणि पिकल्यावर त्यातून १० चं ड्रिल काढावं. म्हणजे बोल्टभोवती लाकूड उघडं राहतच नाही.

उन्हाळ्यात इपॉक्सीचा अंदाज हमखास चुकतो. दर १० अंश तापमान वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशाला २५ मिनिटं लिहिलेली असतील तर ४० अंशाला जेमतेम नऊ-दहा मिनिटं मिळतात, आणि खोल डब्यात कालवलं तर तेवढीही नाही, धूर निघतो. पहाटे काम करावं, एका वेळी १०० मिली कालवावं आणि लगेच पसरट ताटलीत ओतून घ्यावं.

मरीन प्लायला बुरशी-वाळवीचं औषध दिलेलं असतं आणि त्यात बऱ्याचदा तांब्याचे क्षार असतात. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. त्यामुळे प्लाय आणि पत्र्यामध्ये इपॉक्सीचा थर आणि रबराची पट्टी, दोन्ही हवंच. पितळी स्क्रूही नकोत, तांब्याच्या वायरीचा कापलेला तुकडासुद्धा तळाला पडू देऊ नये. स्टीलचे ३०४ स्क्रू गोड्या पाण्यात चालतात, तेही सीलंटमध्ये बुडवून.

गुरुवार

मधला बाक कापून मोकळी जागा करायचा मोह सगळ्यांनाच होतो. बाक नुसता बसायला नसतो. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो आणि त्याच्या पोटात फोम असतो. बाक काढला की लाटेत बाजू आत-बाहेर होतात आणि तळ टिनच्या डब्यासारखा वाजायला लागतो. काढायचाच असेल तर आधी तळाशी आडवी बरगडी आणि काठाला जाड पट्टी द्यावी आणि फोमची दुसरीकडे सोय करावी. माझं मत विचाराल तर तो राहू द्यावा आणि डेक त्याच्याच उंचीला आणावा.

पुढच्या डेकसाठी ४०×४०×३ मिमी अँगल, खिडक्यांच्या सेक्शनच्या दुकानात मिळतो तोच. मीटरला ६०० ग्रॅमच्या थोडा वर भरतो. वर १२ मिमी प्लाय ४×३ फूट, साधारण ९ किलो. चेकर्ड पत्राही चालतो, पण मे महिन्यात दुपारी उघड्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा. डेक कोणताही असो, मागच्या कडेला बोटभर फट आणि खाली प्रत्येक बरगडीच्या तळाशी अंगठ्याएवढं भोक, म्हणजे पाणी वाहत मागच्या बुचापर्यंत (पाणी काढायच्या भोकापर्यंत) येतं. ती भोकं आधीच असतात. फोमचे तुकडे कोंबताना लोक ती बुजवतात.

डेकवर गालिचा लावू नये. ईव्हीए (चपलेच्या तळव्यासारख्या मऊ) फोमची मॅट लावावी, फिकट रंगाची.

शुक्रवार, फोमचा हिशोब

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. होडी पाण्यानं भरली तरी बुडू नये एवढा फोम तिच्यात हवा, आणि तो अंदाजानं कोंबायचा नसतो. अ‍ॅल्युमिनियम पाण्यात साधारण ३७ टक्के हलकं होतं, म्हणजे ६० किलोची होडी बुडताना ३८ किलोचा भार देते. ३० किलोची शिसे-आम्ल बॅटरी १७ च्या आसपास, मोटार ८, नांगर ४. झाले ६७. पाण्यात काठ धरून राहिलेल्या दोन माणसांसाठी ३० किलो धरले तर ९७. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो, म्हणजे १०० लिटर तर हवाच. ५० मिमी जाडीचा एक्सपीएस (थर्माकोलचाच घट्ट, दाणे नसलेला प्रकार) बोर्ड १.२×०.६ मीटरचा असेल तर त्यात ३६ लिटर बसतात. तीन बोर्ड, १०८ लिटर, वजन चार किलोच्या आत.

साधा थर्माकोल नको, दाण्यांमधून हळूहळू पाणी धरतो. ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम फटीत छान भरतो, पण वर्षानुवर्षं ओला राहिला तर तोही पाणी पितो आणि बाहेर काढता येत नाही. एक्सपीएसलासुद्धा पेट्रोल लागलं तर तो विरघळतो. पेट्रोल इंजिन असेल तर पॉलिथिलीन फोम घ्यावा.

आणि जागा. सगळा फोम तळाशी घातला तर पाणी भरलेली होडी सरळ उलटी होते, कारण तरंगणारा भाग खाली आणि जड भाग वर. बराचसा फोम दोन्ही बाजूंना काठाच्या लगत, उरलेला बाकांच्या पोटात आणि दोन्ही टोकांना. बोर्ड तळाला चिकटवू नयेत, पट्टीनं अडकवावेत. वर्षातून एकदा बाहेर काढून खालचा चिखल धुता आला पाहिजे.

२१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. वळवाचं वारं एवढ्या मोकळ्या पाण्यावर काय करतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं.

शनिवार

वायरिंग. ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटार (बॅटरीवर चालणारी छोटी मोटार) पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरी पुढे, मोटार मागे, जाऊन-येऊन ७ मीटर वायर. ६ चौ. मिमी तांब्याची वायर घातली तर वाटेतच एक व्होल्ट खाल्ला जातो आणि वायर तापते. १६ चौ. मिमी घेतली तर ०.४ व्होल्टच्या आत. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा ब्रेकर.

निगेटिव्ह वायर होडीच्या पत्र्याला कधीही जोडायची नाही. गाडीत चालतं ते इथे चालत नाही. पत्र्यातून करंट पाण्यात गेला की तळ आतल्या आत खाल्ला जातो. दिवा, पंप, मोटार, प्रत्येकाला दोन वायरी, थेट बॅटरीपर्यंत. नंतर मल्टिमीटरनं पॉझिटिव्ह टोक आणि पत्रा यांच्यामध्ये व्होल्टेज बघावं. शून्य यायला हवं.

१०० अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे पूर्ण वेगात तासभर. तेवढ्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट १२-१३ किलोची येते. पैसे जास्त, पण वजनातली सूट या होडीला फार लागते. बॅटरी कोणतीही असो, वल्ही मात्र ठेवायचीच. समोरून वारं लागलं की ही मोटार हरते.

रंगाबद्दल एवढंच: उघड्या पत्र्यावर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला पकड धरणारा पहिला हात, तोही घासल्यावर त्याच दिवशी, कारण ऑक्साइड लगेच धरतो. रेड ऑक्साइड नको. घासायला लोखंडी ब्रश वापरला तर त्याचे कण रुतून बसतात आणि महिन्याभरात रंगाखालून तांबूस ठिपके येतात. आतून मळकट फिकट रंग द्यावा, चकचकीत पांढरा डोळ्यांवर येतो.

पुढचा रविवार

पहिलं पाणी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या किंवा उजनीच्या उथळ काठावर, गुडघाभर खोलीत. ३३ किलो भार वाढला की ही होडी साधारण एक सेंटिमीटर बसते. होडी ६०, डेक आणि फळ्या २६, फोम ४, बॅटरी ३०, मोटार ११, नांगर ५, दोन माणसं १५०, एकूण २८६. म्हणजे ९ सेंमीच्या आसपास. मार्करनं बाहेरून खूण करावी आणि ताडून बघावी. खूण जास्त बुडाली तर कुठेतरी पाणी भरतंय किंवा वजनाचा हिशोब चुकलाय. मग दोघांनी एकाच बाजूला बसून बघावं, काठ पाण्यापासून किती वर राहतो ते मोजावं. उंच डेकवर उभं राहिल्यावर होडी केवढी कलते ते इथेच कळतं. लांबी गुणिले रुंदी फुटांत आणि भागिले १५, या ठोकताळ्यानं तीन माणसं येतात. मासेमारीचं सामान असेल तर दोनच.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली उतरलं, की बाभळीची खोडं आणि बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वर न येता वीतभर खाली राहतात. तिथे वल्ह्यानंच जावं. चिलापी माशांची जाळी लावलेली असतात तिथे तर मोटार बंदच करावी. दुसऱ्याचं पोट त्या जाळ्यावर आहे. नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला की सील कापतो आणि मोटारीत पाणी शिरतं, म्हणून घरी आल्यावर पंखा काढून आत बघावं. जलपर्णीचे तंतूही तिथेच अडकतात. मासेमारीची परवानगी वेगळी आणि इंजिनाच्या होडीची नोंदणी वेगळी, दोन्हींची चौकशी मोटार विकत घेण्याआधी करावी.

होडी परत आली की बूच काढून पुढचं टोक वर करून ठेवायची. जे पाणी बाहेर येतं ते स्वच्छ आहे की गढूळ ते बघावं. गढूळ असेल तर कुठल्यातरी बरगडीचं भोक बुजलेलं आहे, डेकची फळी उचलून ते मोकळं करावं.