तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन कापडाची गोधडी का नाही शिवत?

आजीच्या आणि माझ्या गोधड्या बघून बरेच जण एकच प्रश्न विचारतात. एवढी मेहनत घेताय तर फाटक्या कपड्यांऐवजी छान नवीन कॉटन का नाही आणत? एक-दोघांनी तर कापड आम्ही देतो, तुम्ही फक्त शिवा असंही सांगितलं. मनापासून विचारता म्हणून नीट उत्तर देतो, आणि ते "जुन्या कपड्यांत आठवणी असतात" एवढंच नाहीये. आठवणी असतातच हो, पण आजी जुनं कापड घेते कारण गोधडी जुन्याच कापडाची चांगली होते. हे तिचं कसब आहे, आणि लोक "मायेची ऊब" म्हणून मोकळे होतात तेव्हा त्या कसबाकडे कुणाचं लक्षच जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजी सातारा जिल्ह्यातली, तिच्या तोंडी गोधडी म्हणजे वाकळ. लहानपणी माझं काम सुईत दोरा ओवून देणं, कारण तिला जवळचं दिसायचं नाही आणि दोरा तर सारखा संपायचा. आता उसवणं, कापणं, इस्त्री आणि निम्मे टाके माझ्याकडे आहेत, ठिगळं कुठं बसवायची ते मात्र अजून तीच ठरवते.

तर नवं कापड. त्याला खळ असते, ते ताठ असतं, आणि असे चार-पाच थर एकावर एक आले की सुई पुढे सरकतच नाही, बोटं सोलून निघतात. बरं शिवलंच, तरी पहिल्या धुण्यात प्रत्येक कापड आपापल्या हिशोबाने आटतं, वरचं जास्त, आतलं कमी, की मधे झोळ पडतो आणि टाके ताणले जातात, शिवाय लाल-निळ्याचा रंग शेजारच्या ठिगळावर उतरतो तो वेगळाच. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन विरलेल्या लुगड्याचं तसं नसतं. जेवढं आटायचं तेवढं आटून झालं, जेवढा रंग जायचा तेवढा गेला, आणि सूत इतकं मऊ पडलेलं असतं की सुईवर पाच-सहा टाके एकदम भरून घेता येतात आणि मग दोरा एका ओढीत बाहेर.

कापड आलं की आजी आधी मुठीत चुरगाळते. सुरकुत्या राहिल्या तर सुती, लगेच सरळ झालं तर बाजूला. तरी शंका आली तर एक धागा काडीवर जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर थरांत सरकतं आणि घाम शोषत नाही, म्हणून पोटात घ्यायचं नाही.

नऊवारी म्हणजे साधारण 8 मीटर, त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे, झाली वाकळीची खालची-वरची बाजू. मधे धोतर, चादरी, कधी कधी तर आधीची झिजलेली अख्खी वाकळच. सगळं जमिनीवर अंथरून कडांना पाट, डबे, हाताला येईल ते वजन ठेवायचं, लांब कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून फिरत फिरत आत यायचं, दर थोड्या वेळाने तळहाताने फुगवटा पुढे सारत. दोरा सुतीच आणि मेणावरून ओढलेला.

पण खरं बघण्यासारखं काम त्याच्या आधीचं, ठिगळं मांडण्याचं. एखादी अख्खी दुपार त्यात जाते. आजी काही मोजत नाही, कागदावर काढत नाही, नुसती उभी राहून बघते, एखादं उचलून दुसरीकडे टाकते, परत उभी राहते. एकदा मी हौसेने मधोमध झेंडूच्या रंगाचा तुकडा ठेवला तर म्हणाली, "ह्यो लय वरडतुय बघ, त्याला कडंला घे, आन त्याच्याशेजारी काळं दे." तसं केलं आणि सगळी मांडणी एकदम जागेवर बसली. रंगांची ही जाण तिला कुठल्या शाळेत शिकवलेली नाही, आणि तिला कलाकार म्हणायला आपल्याला इतकं जड का जातं मला कळत नाही.

अशी जाण बऱ्याच ठिकाणी आहे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी या तिकडच्या गोधड्याच, दोन्ही जुन्या साड्या-धोतरांतून आणि साध्या धावदोऱ्यातूनच आल्या. कर्नाटकात उत्तर कन्नडमधे, यल्लापूर-हल्याळकडे राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्याही कडेपासून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. आणि आपल्याकडे गाडगेबाबा (1876–1956) आयुष्यभर चिंध्यांचाच अंगरखा घालून फिरले.

आमच्या लहानपणी बोहारीण यायची, कपड्यांवर भांडी द्यायची. तिला टेरिकॉटच्या पँटी आणि न फाटलेल्या साड्या हव्या असायच्या, विरलेलं लुगडं ती हातात धरून परत करायची. म्हणजे बोहारणीनेही नाकारलेलं ते वाकळीचं. आता अडचण अशी की घरात तसं कापडच उरलं नाही. नऊवारी नेसणाऱ्या कमी झाल्या, धोतरं गेली, रोजच्या साड्या सिंथेटिक, म्हणून आम्ही ओळखीपाळखीत मागत फिरतो. मी माझा खादीचा कुर्ता आणून दिला तर आजीने मुठीत धरला आणि परत केला, "कच्चं हाय अजून, वरीसभर घाल, मंग आण."

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आजी त्यात भाकरीचा तुकडा सरकवते, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मीही सरकवतो, कारण का असं कधी विचारलं नाही.

त्यामुळे नवीन कापड प्लीज पाठवू नका. जुनी सुती चादर, ओढण्या, आईची विटलेली कॉटनची साडी असेल तर ती द्या, किंवा त्यापेक्षा स्वतःच बसा. हुक, बटणं, जरीचे काठ आधी काढा, सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मोठीच्या मागे लागू नका, पहिली बाळाच्या दुपट्याएवढी करा, तीनच थर घ्या, आणि टाके वाकडे आले तर उसवत बसू नका.