पॅसेंजरनं का हिंडलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इटलीहून परतल्यापासून घरी येणारा जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो: तिथं ताशी तीनशेच्या वेगानं धावणाऱ्या गाड्या असताना तुम्ही दोघांनी अख्खा दिवस पॅसेंजरमध्ये का घालवलात?

आदल्या दिवशी फ्लोरेन्सहून बोलोन्याला आम्ही वेगवान गाडीनंच आलो होतो. पाऊण तासही लागला नाही. पण त्या ७८ किलोमीटरच्या मार्गातले ७३ किलोमीटरहून जास्त बोगद्यातच आहेत. ॲपेनाइनचा डोंगर ओलांडला, पण दिसला नाही. माझ्या नवऱ्याची चौतीस वर्षं भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. "उद्या खिडकीतून काहीतरी दिसेल अशी गाडी पकडू," तो रात्रीच म्हणाला. मला तर एक नदीच पाहायची होती.

म्हणून बोलोन्या, राव्हेन्ना, फेरारा आणि परत बोलोन्या असा त्रिकोण आखला. या ‘रेज्योनाले’, म्हणजे तिथल्या पॅसेंजर, गाड्यांना आरक्षण नसतं, रिकामी दिसेल त्या जागेवर बसायचं. कागदी तिकीट काढलं तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो. निघण्याआधी बोलोन्या स्टेशनातल्या त्या घड्याळापाशी आम्ही थांबलो. २ ऑगस्ट १९८० रोजी इथल्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. काटे अजून १० वाजून २५ मिनिटांवर ठेवलेले आहेत. नवरा बराच वेळ तिथून हलला नाही. स्टेशन म्हणजे त्याच्यासाठी घरच.

आता नदीचं. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि परत आले. त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. लहानपणी आम्ही खूपच मागे लागलो तर एवढंच सांगायचे, "सेनिओ म्हणून नदी होती. आपल्या ओढ्याएवढी. पण तिचे बांध घराएवढे." आणि मग नामदेव जाधवांचं नाव घ्यायचे, हात जोडून.

९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणलं. मग ते पुन्हा पुढे गेले आणि एकट्यानं मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि उरलेल्यांना वर बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

राव्हेन्नाची गाडी लुगो आणि बान्याकाव्हाल्लो या दोन स्टेशनांच्या मध्ये सेनिओ ओलांडते. नोव्हेंबर होता, शेतांवर धुकं साचलेलं. लुगो सुटल्यावर मी काचेला नाक लावून बसले. आधी गवताचा एक उंच बांध आला, मग खाली अरुंद, मातकट पाणी, मग लगेच दुसरा बांध. पाच-सहा सेकंद, बस. खरंच ओढ्याएवढी! मी रडत होते, आणि समोर बसलेल्या शाळकरी मुलीनं काही न विचारता कागदी रुमाल पुढे केला.

राव्हेन्ना इ. स. ४०२ पासून पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होतं. आज ते शांत, सपाट, सायकलींचं गाव आहे. सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा मोझेइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जुळवून केलेल्या चित्रांत, समोरासमोर उभे आहेत. ती दोघं या गावात कधी आलीच नव्हती. पण माझं मन अडकलं ते शेजारच्या, गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राटकन्येच्या नावाच्या छोट्या विटांच्या वास्तूत. पाचव्या शतकातली ही इमारत बाहेरून आपल्याकडच्या एखाद्या जुन्या समाधीसारखी साधी दिसते. आत शिरल्यावर आधी अंधारच. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यांतून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे सरावले की डोक्यावर गर्द निळं छत उमटू लागतं, त्यावर सोनेरी चांदण्या, शेकड्यांनी. गर्दीच्या दिवसांत इथं पाचच मिनिटं थांबू देतात म्हणे. आमच्या वेळी तिसरं कोणी नव्हतं, कोणी हटकलंही नाही. नवरा माझ्या कानात म्हणाला, "गच्चीवर झोपायचो तेव्हाचं आकाश." एवढं बोलून तो पुन्हा वर बघत राहिला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण त्याला असं मान वर करून इतका वेळ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

जेवण म्हणजे पियादिना, तव्यावर भाजलेली जाडसर पोळी आणि आत मऊ चीज. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण तिच्या कणकेत परंपरेनं डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलातली मागितली की मिळते.

फेराराला जाणारा मार्ग एकेरी आहे. एका छोट्या स्टेशनात आमची गाडी समोरच्या गाडीसाठी थांबली. नवरा दारात उभा राहून सिग्नल पडायची वाट बघत होता, आणि त्याचा चेहरा मला नोकरीच्या पहिल्या वर्षातला वाटला. फेराराला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. १३८५ साली बांधायला घेतलेला एस्ते घराण्याचा किल्ला भर गावात पाण्याच्या खंदकात उभा आहे. त्याला एक फेरी मारली, लाल भोपळ्याचं सारण भरलेला, लोण्यात घोळलेला ‘कापेल्लाच्ची’ नावाचा पास्ता खाल्ला आणि शेवटच्या टप्प्याला लागलो. फेराराला खरं तर अख्खा दिवस द्यायला हवा होता.

पुढच्या वेळी लुगोला उतरायचं ठरलंय. तिथून बान्याकाव्हाल्लोपर्यंत चालत जायचं, मध्ये बांधावर चढायचं. आजोबांच्या शेतातली मूठभर माती मी डबीत भरून ठेवली आहे.