मोत माउलीच्या वाटेवर, सगळ्यांच्या मागे

मालाडच्या ऑर्लेमहून रात्री साडेअकराला निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. आम्ही 42 जण होतो. यादी माझ्या हातात, शिट्टी माझ्या गळ्यात. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, समितीने यंदा वारीची जबाबदारी माझ्यावर टाकली होती आणि पहाटेच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, सगळ्यांना बांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चमध्ये पोचवायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं.

8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मसण. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीची जत्रा भरते. आमच्या घरात आजीपासून सगळे तिला 'मोत माउली'च म्हणतात. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारतात, एकमेकांच्या पाया पडतात. लहानपणापासून मला वाटत आलंय की आमची वाटही त्याच मुलखातून जाते.

एस. व्ही. रोडने गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी. जपमाळ चालू होती. मी सगळ्यात पुढे, झपाझप. अंधेरीला वळून पाहिलं तर रांग तुटलेली. एक आंटी गुडघा धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी मागे गेलो आणि जरा तोडूनच बोललो, "आंटी, असं बसत राहिलो तर मिस्सा चुकेल सगळ्यांची." त्या काही न बोलता उठल्या. त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यांच्या शेजारी एक काका उभे होते. बेस्टमधून निवृत्त झालेले, कुठल्याच समितीवर नसलेले. खांद्याला जुनी झोळी. त्यात पाण्याच्या बाटल्या, पंचा, कापूस, चिकटपट्ट्या. काका दर वर्षी शेवटी चालतात, हे मला त्या रात्री कळलं. त्यांच्या मागे कुणी उरत नाही.

सांताक्रूझला माझे भिजलेले बूट चावायला लागले. खारपर्यंत मी लंगडत होतो, पण थांबायचं कसं? पुढारी ना मी! काकांनी मागून हाक मारली, "बाबू, बस इथे. बूट काढ."

फूटपाथच्या कठड्यावर बसलो. काका गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी पंचा मांडीवर पसरला. मी पाय मागे ओढला. "काका, नको. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही."

आपल्याकडे धाकट्याने वाकायचं असतं. वडीलधाऱ्या माणसाने माझे पाय धरायचे, ही कल्पनाच सोसवेना.

"पेत्रसुद्धा असंच म्हणाला होता," काका म्हणाले आणि त्यांनी बाटलीचं झाकण काढलं.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी धुळीच्या वाटांवरून आलेल्यांचे पाय धुणं हे नोकराचं काम. पेत्र नाही म्हणतो, आणि प्रभू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. ईस्टरच्या आधीच्या दर पवित्र गुरुवारी मी हे ऐकत आलोय. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन 12 जणांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. ते फोटो पाहून माझे डोळे भरून आले होते. पण दर वेळी मी स्वतःला धुणाऱ्याच्या जागी पाहिलं होतं. आपण सेवा करायची, आपण वाकायचं. आपला फोड आलेला, वास मारणारा पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो, हे मनाला शिवलंही नव्हतं. त्या रात्री कळलं, हे वाकण्यापेक्षा अवघड आहे. स्वतःचं दुखणं लपवून पुढे पळणारा मी, आंटींचा गुडघा मला दिसणार कसा?

(याकोब आणि योहान या शिष्यांनी येशूजवळ त्याच्या वैभवात उजवी-डावी जागा मागितली होती. मला रांगेचं पुढचं टोक हवं होतं.)

काकांनी पाय पुसला, पट्टी लावली आणि झोळी उचलली. मी शिट्टी एका तरण्या पोराच्या गळ्यात घातली आणि त्याला सांगितलं, पोचा तुम्ही, मिस्सा गाठा.

हिल रोडला मेणबत्तीवाल्यांची दुकानं मांडून झाली होती. माउलीला नवसासाठी वाहायचे मेणाचे हात, मेणाची घरं, मेणाचे पाय. आंटींनी गुडघ्यासाठी एक मेणाचा पाय घेतला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चल रे, हात दे."

टेकडीच्या त्या दगडी पायऱ्या बोमनजी नावाच्या एका पारशी गृहस्थाने भाविकांसाठी बांधून दिलेल्या. आंटी दर चार पायऱ्यांनी थांबत होत्या. वरून मिस्सेचं प्रवेशगीत ऐकू यायला लागलं. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड होत होता. काका आमच्याही मागे, दोन पायऱ्या सोडून, सावकाश चढत होते.