बारशाच्या एमटीएस फायली

ताईच्या मुलीच्या बारशाचं शूटिंग २०११ पासून हार्ड डिस्कवर पडून होतं. सगळ्या फायली एमटीएस, म्हणजे कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ फायली. आईच्या टीव्हीवर काही केल्या चालेनात. परवा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर चालवलं. आत एच.२६४ पद्धतीने साठवलेलं चित्र आणि एसी-३ पद्धतीचा आवाज आहेच, मग पुन्हा एन्कोड, म्हणजे सगळं नव्याने दाबून साठवायचं, कशाला? 'कॉपी'चा पर्याय दिला की नुसता डबा, म्हणजे बाहेरचा फाईल-प्रकार, बदलतो, एमटीएसचा एमपी४ होतो, दर्जा तसूभरही घटत नाही. दोन जीबीची फाईल मिनिटभरात तयार! पण पाळणा हलला की कडांना कंगव्यासारखे दाते. इंटरलेस्ड शूटिंग ना, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. तेवढ्या एका फायलीला हे दाते घालवणारा 'याडिफ' फिल्टर लावून एन्कोड करावंच लागलं. माझा म्हातारा लॅपटॉप रात्रभर घरघरत होता. मूळ फायली अर्थात पुसल्या नाहीत. आत्याने बाळाच्या कानात केलेलं 'कुर्रर्र' आई आता तिसऱ्यांदा बघतेय.