कासोनाच्या नाटकात युद्ध कुठंय?

कासोना ह्या स्पॅनिश नाटककाराच्या नाटकात युद्ध कुठंय, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हा विषय मी वर्गाबाहेर काढत नाही. काढला की समोरच्याचा चहा गार होतो.

स्पॅनिशच्या माझ्या संध्याकाळच्या बॅचला थोडी भाषा यायला लागली की आम्ही एक नाटक वाचायला घेतो. अलेहांद्रो कासोनाचं 'ला दामा देल आल्बा', म्हणजे 'पहाटेची बाई'. वाक्यं छोटी, क्रियापदं ओळखीची, पात्रंही आजोबा, आई, मोलकरीण, पोरं अशी घरातलीच. लेखकाची ओळख म्हणून फळ्यावर चार आकडे लिहिते: जन्म १९०३, स्पेनच्या यादवी युद्धात देश सोडला १९३७, परत आला १९६२, गेला १९६५. नाटक वाचून संपतं, पुस्तकं मिटतात आणि कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हा निर्वासित ना? मग ह्याच्या नाटकात युद्ध कुठंय?" एका नाटकवेड्या काकांनी तर फोनवर सरळ सुनावलं, "लोर्कासारखा माणूस सोडून पोरांना हे साखरेच्या पाकातलं काय वाचायला देतेस गं?"

लोर्का हा कवी-नाटककार मलाही प्रिय आहे. युद्ध पेटल्यावर लगेच, १९३६च्या ऑगस्टमध्ये, ग्रानादाजवळ फ्रँकोच्या बाजूच्यांनी त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. त्याची बाजू आता कोणी मांडायला नको. गोविंद निहलानींनी त्याच्या नाटकातल्या बेर्नार्दा आल्बाला थेट राजस्थानातल्या हवेलीत आणून बसवलं. कासोना मात्र मेला नाही. वेळेत निसटला आणि पंचवीस वर्षं परक्या मुलखात तिकीटबारीवर चालणारी नाटकं लिहीत राहिला. अशा माणसाबद्दल आपल्याला जरा संशयच असतो. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कल्याण कॅम्पातल्या बराकी येतात. आणि हा तर बोटीनं गेला तो नाटक कंपनीबरोबर.

मुळात तो शाळामास्तर. उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासच्या डोंगरात बेसुयो नावाचं खेडं आहे, तिथला जन्म. खरं नाव अलेहांद्रो रोद्रिगेस आल्वारेस. आई-वडील दोघंही शिक्षक. गावातल्या त्यांच्या घराला 'ला कासोना' म्हणत, म्हणजे मोठं घर, आपल्याकडचा वाडा. तेच त्यानं टोपणनाव केलं. इकडे जन्मला असता तर वाडेकर नावानं लिहिलं असतं, असं मी वर्गात सांगते आणि पोरं हसतात. पण घर सुटल्यावर हा माणूस उरलेलं आयुष्य सहीत घर घेऊन फिरला, हे हसू ओसरल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं.

१९२८ साली तो पिरेनीजमधल्या आरान खोऱ्यात शाळा तपासनीस म्हणून गेला. आपली जुनी माणसं ज्याला 'डिपोटी' म्हणायची, तो हुद्दा. डिपोटी येणार म्हटलं की आपल्याकडे शाळा सारवून घ्यायचे आणि पोरांना दम भरायचे. ह्या डिपोटीनं पोरांचीच नाटकमंडळी काढली, 'एल पाहारो पिंतो', ठिपकेवाला पक्षी. पुढे १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं आणि त्या सरकारनं लगेच एक फार वेडी, फार सुंदर गोष्ट केली. मानुएल बार्तोलोमे कोस्सियो ह्या म्हाताऱ्या शिक्षणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली 'मिसिओनेस पेदागोहिकास' नावाची मोहीम काढली. जिथे धड रस्ता जात नाही अशा खेड्यांत शंभर पुस्तकांची पेटी, ग्रामोफोन, सिनेमाचं यंत्र, प्रादो संग्रहालयातल्या वेलास्केस-गोयाच्या चित्रांच्या नकला आणि नाटक घेऊन जायचं. नाटकाची बाजू कासोनाकडे. नट म्हणजे माद्रिदचे विद्यार्थी, फावल्या दिवशी, सुट्टीला निघायचे. चौकात फळ्या टाकून रंगमंच उभा करायचा, जुनी प्रहसनं करायची, 'दोन किहोते'तल्या सांचो पान्साला बेटाचा सुभेदार करून न्यायनिवाडा करायला बसवायचं. पाच वर्षांत तीनशेहून जास्त गावं झाली, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

काकांना मी सांगते ती गोष्ट ह्याच दिवसांतली. १९३४ साली मंडळी सानाब्रिया भागातल्या सान मार्तीन दे कास्तान्येदा ह्या खेड्यात पोचली. अंगावर चिंध्या असलेली पोरं, गलगंडानं गांजलेल्या बायका, धुरानं काळी पडलेली घरं. ना उजेड, ना धुराडं. ह्यांना भाकरी हवी होती, औषध हवं होतं आणि आमच्या झोळीत त्या दिवशी फक्त गाणी आणि कविता होत्या, असं कासोनानं लिहिलंय. काही महिन्यांनी मंडळी त्याच गावात परत गेली, तेव्हा मुलांच्या जेवणाची, शेतीची, आरोग्याची तयारी करून गेली. तेव्हा भूक काय असते हे ह्या पाकातल्या माणसाला ठाऊक नव्हतं, असं कोणी म्हणू नये. त्यानं ती ताट-वाटीच्या अंतरावरून पाहिली होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये त्याचं पहिलं मोठं नाटक उभं राहिलं होतं. 'ला सिरेना वारादा', किनाऱ्याला लागलेली जलपरी. त्याला लोपे दे वेगा पारितोषिक मिळालं होतं आणि त्यात होती नटी मार्गारिता शिर्गू. हे पारितोषिक आणि ही बाई, दोन्ही लक्षात ठेवा. मग 'नुएस्त्रा नाताचा' आलं. सुधारगृहातल्या मुलांना माणसासारखं वागवू पाहणाऱ्या तरुण शिक्षिकेचं नाटक. डाव्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि उजव्यांच्या डोळ्यांत ते खुपलं. काही महिन्यांत युद्ध पेटलं. १९३७च्या फेब्रुवारीत कासोना फ्रान्समध्ये उतरला, तिथून एका स्पॅनिश नाटक कंपनीबरोबर मेक्सिको, मग क्यूबा, व्हेनेझुएला, कोलंबिया, असं करत १९३९ साली बुएनोस आयरेसला येऊन टेकला. तिथे त्यानं सिनेमेही पुष्कळ लिहिले. ते सोडून देऊ.

बुएनोस आयरेसला आवेनिदा दे मायो नावाचा रस्ता आहे, स्पॅनिश माणसांच्या कॉफीच्या दुकानांनी भरलेला, आणि त्याच रस्त्यावर तेआत्रो आवेनिदा. १९४४च्या जूनमध्ये शिर्गूनं इथे राफाएल आल्बेर्तीचं नाटक केलं. आल्बेर्तीही निर्वासित. नोव्हेंबरमध्ये कासोनाची 'पहाटेची बाई'. पुढच्या मार्चमध्ये, जगात पहिल्यांदाच, लोर्काची 'बेर्नार्दा आल्बा', त्याला मारल्यावर जवळपास नऊ वर्षांनी. तिन्ही एकाच रंगमंचावर, दहा महिन्यांत, एकाच बाईनं उभी केलेली. माद्रिदचं नाटक त्या काळात कुठे होतं असं विचारलंत तर मी ह्या थिएटरचा पत्ता देईन. शिर्गू स्वतः कधी परतली नाही. १९६९ साली मोंतेविदेओत गेली.

आता प्रश्नाकडे येते. युद्धच हवं असेल तर माक्स आउब हा निर्वासित स्पॅनिश लेखक वाचा. तोही १९०३चाच. फ्रान्सच्या छावण्यांत आणि पुढे अल्जेरियातल्या जेल्फाच्या छावणीत कैद भोगून मेक्सिकोला पोचला. त्याच्या 'सान हुआन' ह्या नाटकात ज्यू निर्वासितांनी भरलेली एक बोट आहे आणि कुठलंच बंदर तिला घेत नाही. जबरदस्त नाटक आहे. कासोनाच्या नाटकात असलं काही घडत नाही. आस्तुरियासमधलं एक घर. चार वर्षांपूर्वी थोरली मुलगी अँहेलिका नदीत बुडाली, प्रेत सापडलं नाही. आईनं तेव्हापासून घर जणू मिटून ठेवलंय, नदी ओलांडावी लागते म्हणून धाकट्यांची शाळासुद्धा बंद. एका रात्री हातात काठी घेतलेली एक देखणी बाई मुक्कामाला येते.

ह्या बाईला मूळ नाटकात 'ला पेरेग्रीना' म्हणतात आणि इथे आमची गाडी दरवर्षी अडते. पेरेग्रीना म्हणजे सांतियागोच्या यात्रेला पायी निघालेली. 'यात्रेकरू' म्हटलं की बस आणि टोप्या आठवतात. 'वारकरीण' म्हणावंसं वाटतं, पण मग टाळ ऐकू यायला लागतात आणि आस्तुरियास पुसून जातं. शेवटी आम्ही 'वाटसरूबाई' वर थांबलो, त्यातल्या त्यात बरं म्हणून. ती मृत्यू आहे. घरातला जावई, म्हणजे अँहेलिकाचा नवरा मार्तीन, ह्याला न्यायला आलीय. पण पोरं तिला खेळायला ओढतात, ती जन्मात पहिल्यांदा हसते, खेळून दमते आणि झोपून जाते. ठरलेली वेळ टळते. मार्तीन वाचतो, आणि येताना नदीत जीव द्यायला निघालेल्या आदेला नावाच्या मुलीला वाचवून घरी आणतो.

आदेलाला आधी अँहेलिकाची खोली मिळते. मग हळूहळू घरातली तिची जागा. आई पुन्हा हसायला लागते, मार्तीनचा जीव आदेलावर जडतो. खरी गोष्ट फक्त त्याला माहीत आहे: अँहेलिका बुडालीच नव्हती, दुसऱ्याबरोबर पळून गेली होती. सान हुआनच्या, म्हणजे संत योहानाच्या सणाच्या, रात्री गावात शेकोट्या पेटलेल्या असताना ती परत येते, हरलेली, थकलेली. दारात गाठ पडते ती वाटसरूबाईची. बाई तिला शांतपणे सांगते, तुझं जे होतं ते आता आदेलाचं आहे. आणि तिला हाताला धरून नदीकडे नेते.

हे त्यानं बुएनोस आयरेसमध्ये, घरापासून समुद्रापल्याड बसून लिहिलं आणि अर्पण केलं आस्तुरियासच्या भूमीला. मला विचाराल तर युद्ध इथे आहे. तो स्वतः गेलेला माणूस, पण लिहायला बसला की उभा राहतो मागे राहिलेल्यांच्या घरात. आणि तिथून, गेलेला माणूस परत आला तर काय होईल, हे न चुकवता बघतो.

एकदा नाही, दोनदा. १९४९चं 'लोस आर्बोलेस मुएरेन दे प्ये' घ्या. वाया गेलेल्या नातवाला आजोबांनी वीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलंय. आजी झुरते म्हणून आजोबाच नातवाच्या नावानं कॅनडाहून गोड पत्रं धाडतात. खरा नातू यायला निघतो, त्याची बोट बुडाल्याची बातमी येते, तेव्हा आजोबा एक तोतया नातू आणि नातसून घरी आणतात. आजी आनंदात. मग खरा येतो, जिवंत, पैशासाठी दार ठोठावत. पात्रयादीत त्याला नावसुद्धा नाही. तिथे त्याला म्हटलंय 'एल ओत्रो', दुसरा. सख्ख्या नातवाला आजी परत पाठवते आणि तोतयांना काही कळू देत नाही. "आतून मेलेली, पण उभी. झाडासारखी," असं ती म्हणते.

नाटकाच्या नावाचं मराठी करताना एका मुलानं फाडकन लिहिलं होतं, 'झाडं उभ्याउभ्या मरतात'. म्हणजे झाडं घाईत होती, चहासुद्धा न घेता गेली. हसून पुरेवाट झाली. आता 'झाडं उभ्यानं मरतात' असं आहे. तेही मला पुरतं पटलेलं नाही.

ह्या दोन्ही नाटकांच्या कितीतरी आधी, १९३२ साली, त्यानं मुलांसाठी जगभरच्या कथांचं 'फ्लोर दे लेयेंदास' नावाचं पुस्तक केलं होतं. त्याला स्पेनचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात नल-दमयंती आहे आणि शकुंतलेची अंगठीही आहे. दारात उभी राहिलेली शकुंतला आणि ओळख न देणारा दुष्यंत, हा प्रसंग त्या डिपोटीनं पिरेनीजच्या पोरांच्या भाषेत आणला होता. आपल्या संगीत नाटकाचा संसार ज्या शकुंतलेपासून थाटला गेला, ती त्याच्याही घरात होती, हे मी वर्गात जरा मिरवूनच सांगते. त्याच्या नाटकात मात्र कोळी अंगठी घेऊन येत नाही.

१९६२च्या एप्रिलमध्ये कासोना माद्रिदला परतला. दिग्दर्शक होसे तामायोनं 'पहाटेची बाई' बसवली होती. थिएटर भरलं, पुढची दोन-तीन वर्षं त्याची एकामागून एक नाटकं लागत राहिली. पण तरुण समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं: गोड, जुनाट, वास्तवापासून पळणारं. त्यांची भूक वेगळी होती. १९४९ साली, आजी बुएनोस आयरेसमध्ये उभी होती त्याच वर्षी, माद्रिदमध्ये आंतोनियो बुएरो वायेखोचं 'जिन्याची गोष्ट' आलं होतं. एक जिना, एका मजल्यावरची चार दारं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच अडकलेली माणसं. चाळीत वाढलेल्याला समजावून सांगायला नको. बुएरो युद्धानंतर फाशीची शिक्षा झालेला, ती टळल्यावर सहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढलेला. देश न सोडलेला. त्याच्या नाटकाला पारितोषिक मिळालं लोपे दे वेगा, युद्धानंतर पहिल्यांदाच दिलेलं. प्रयोग झाला तेआत्रो एस्पान्योलमध्ये. तेच पारितोषिक, तोच रंगमंच.

टीका करणारे अगदीच चुकीचे होते असं मला म्हणता येत नाही. त्याच्या काही नाटकांत खरोखरच पाक जास्त होतो. दुसऱ्या अंकानंतर मी पानं भराभर उलटते. पण हे दोन शेवट ज्यानं लिहिले तो पळत होता, हे मला मान्य नाही. परतल्यावर त्यानं शेवटचं नाटक लिहिलं ते केवेदोवर, तुरुंगात टाकलेल्या तिखट जिभेच्या कवीवर. १९६५च्या सप्टेंबरमध्ये माद्रिदलाच गेला.

मागच्या बॅचला अँहेलिकाचं काम वाचणारी मुलगी नाराज होती. एवढं चार वर्षांनी घरी यायचं आणि वाट्याला एकच प्रवेश. वाचून झाल्यावर ती मागची पानं चाळत बसली. मग म्हणाली, "मॅडम, हिच्या आईला कळतच नाही का, की ही आज आली होती?"

नाही कळत, म्हटलं. नदीतून प्रेत मिळतं, आणि आईला वाटतं ते चार वर्षांपूर्वीचं आहे.